दंतजैवपटल आणि हिरड्यांचा रोग

दातांवर साचणारा जिवाणूंचा चिकट, संघटित थर म्हणजे दंतजैवपटल. लाळेतील प्रथिनांच्या पातळ आवरणावर आधी स्ट्रेप्टोकॉकस गटातील जिवाणू बसतात. पुढे हिरडीखालच्या फटीत, जिथे प्राणवायू तोकडा, तिथे पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जिवाणू फोफावतात. हा थर नुसत्या चुळा भरून निघत नाही. त्यात खनिजे साचली की कीटण बनते.

१९६५ मध्ये डेन्मार्कमधील हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांचे दात घासणे थांबवले. तीन आठवड्यांच्या आत हिरड्या सुजल्या. घासणे सुरू होताच बऱ्या झाल्या.

दाताभोवतीचे हाड मात्र जिवाणू थेट खात नाहीत. सूज रेंगाळली की शरीराचेच संकेतरेणू हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात, आणि गेलेले हाड आपोआप भरून येत नाही. मधुमेहात हा दाह बळावतो. उलट दाहामुळे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते.

भोर-वेल्ह्याच्या मावळपट्ट्यात, महाराष्ट्राच्या इतर ग्रामीण भागांप्रमाणेच, तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेल्या तंबाखूची मिश्री अनेक बायका बोटाने हिरड्यांवर चोळतात. दात घट्ट राहतात हा तिच्यामागचा समज चुकीचा आणि घातक आहे. तंबाखूमुळे हिरड्या मागे सरतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो.

हिरडीतून रक्त येत असेल तर मिश्री सोडावी आणि कीटण दंतवैद्याकडून काढून घ्यावे.