पैशाचा प्रवास : थिका ते ढाका

मनिऑर्डरची वाट पाहणारी घरे आपल्यातील वडीलधाऱ्यांना अजून आठवत असतील. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्याने पोस्टाच्या खिडकीत रक्कम भरायची आणि कोकणातल्या घरी पोस्टमनने ती मोजून द्यायची, या व्यवहारावर कित्येक संसार उभे राहिले. केनियातील मजुराची अवस्था याहून कठीण होती. तो नैरोबीत कमावी, कुटुंब दूरच्या खेड्यात राही आणि बँक बहुधा दोघांनाही परकीच असे. मग नोटा पाकिटात घालून बसचालकाच्या किंवा गावी निघालेल्या सोयऱ्याच्या हाती द्यायच्या. पाकीट सुखरूप पोहोचले म्हणजे भाग्य! या गरजेतूनच विसाव्या शतकानंतरची एक मोठी आर्थिक घडामोड जन्माला आली.

तिचा आरंभ मात्र वेगळ्याच हेतूने झाला. ऑक्टोबर २००५ मध्ये नैरोबीजवळच्या थिका या गावी व सभोवती एक प्रयोग सुरू झाला. व्होडाफोन कंपनीतील निक ह्यूज व सूझी लोनी यांनी तो आखला होता आणि ब्रिटिश सरकारच्या विकासनिधीचे त्याला साहाय्य होते. लहान कर्जदारांनी आपले हप्ते मोबाईलवरून फेडावेत, एवढीच मूळ कल्पना. परंतु लोकांनी तिचा स्वतःच्या सोयीने उपयोग केला. कोणी दूरच्या आप्तांना पैसे पाठवले, कोणी प्रवासाला निघताना रक्कम फोनवर ठेवून मुक्कामी काढून घेतली. योजकांनी हे पाहिले आणि, कौतुकाची गोष्ट अशी की, आपला हट्ट सोडला. ६ मार्च २००७ रोजी सफारीकॉम कंपनीने ही सेवा देशभर खुली केली, ती ‘घरी पैसे पाठवा’ अशा साध्या आवाहनासह. नाव ठेवले ‘एम-पेसा’. ‘एम’ म्हणजे मोबाईल, आणि स्वाहिली भाषेतील ‘पेसा’ हा आपलाच ‘पैसा’. पूर्व आफ्रिकेत १९२० पर्यंत रुपया चालत असे. नाणे गेले, शब्द राहिला.

या सेवेचा खरा आधार यंत्र नसून गल्लीतला दुकानदार होय. तो प्रथम स्वतःची रक्कम भरून फोनवर शिल्लक घेतो. गिऱ्हाईक रोख देते, तेव्हा तेवढी शिल्लक त्याच्या खात्यात वळती होते आणि दोघांनाही संदेश येतो. गावची आई ओळखपत्र दाखवून व गुप्त क्रमांक दाबून आपल्या दुकानदाराकडून रोख घेते. ग्राहकांची मूळ रक्कम मात्र बँकेत विश्वस्त खात्यात सुरक्षित राहते. २००८ च्या अखेरीस शासनाने या सेवेची तपासणी करविली, परंतु ती बंद पडली नाही. त्याच वर्षाच्या आरंभी निवडणुकीनंतरच्या दंगलीत रस्ते बंद झाले होते, आणि वस्त्यांत अडकलेल्यांना आप्तांची मदत याच मार्गाने मिळाली होती.

तवनीत सुरी व विल्यम जॅक या अभ्यासकांनी २०१६ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, या सेवेमुळे केनियातील सुमारे १,९४,००० कुटुंबे अत्यंत दारिद्र्यातून वर आली. आणि लाभ विशेषतः स्त्रियाप्रमुख घरांना झाला. आजारपण वा दुष्काळ आला, तरी मदत वेळेवर पोहोचू लागली, हे त्यामागील एक मोठे कारण.

इतर देशांची कथा एकसारखी नाही. फिलिपिन्समध्ये ‘जीकॅश’ २००४ मध्येच, म्हणजे केनियाच्याही आधी, सुरू झाली होती. अफगाणिस्तानात २००९ मध्ये वर्दक प्रांतातील काही पोलिसांचा पगार फोनवर जमा झाला, तेव्हा त्यांना पगारवाढ झाल्यासारखे वाटले. वस्तुतः मधले हात तेवढे गळाले होते! बांगलादेशात २०११ साली ‘बिकाश’ आली आणि ढाक्याच्या कापड कारखान्यांतील मुलींचे पैसे त्या मार्गाने खेड्यांत जाऊ लागले. याउलट दक्षिण आफ्रिकेत २०१० मध्ये गेलेली एम-पेसा २०१६ मध्ये बंद पडली. तेथे बँकखाती पुष्कळांकडे होती. भारतातही ती २०१३ मध्ये आली आणि २०१९ मध्ये संपली. २०१६ पासून यूपीआयने थेट बँकखाती जोडली, हा आपला निराळा मार्ग.

तथापि या कथेला काळी बाजूही आहे. २०१२ पासून केनियात फोनवर क्षणार्धात कर्ज मिळू लागले. औषधासाठी घेतलेले कर्ज फेडण्यास दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे, असे पुष्कळ घरांत झाले. जुगाराचे पैसेही याच फोनवरून जाऊ लागले. अखेर २०२१ मध्ये सावकारी करणाऱ्या अशा कंपन्यांना परवान्याखाली आणणारा कायदा करावा लागला. सरकारांनाही ही वाहती गंगा दिसली. घानाने २०२२ मध्ये या व्यवहारांवर दीड टक्का कर बसविला. लोकांचा रोष ओढवून घेतला आणि २०२५ मध्ये तो रद्द केला.

इतिहासाने येथे एक गोष्ट स्पष्ट केली आहे. थिकाच्या लोकांनी कर्ज फेडण्याचे साधन नाकारले नाही. त्यांनी त्याचे घरी मदत पाठविण्याचे साधन केले. काही वर्षांनी तेच साधन पुन्हा कर्जाच्या दाराशी आले. पैसा जलद पोहोचतो, हे सिद्ध झाले आहे. तो कोणाच्या कामी यावा, हे मात्र प्रत्येक घराने व प्रत्येक राज्यकर्त्याने स्वतःच ठरवावयाचे आहे.