गोंदणाची जागा

गोंदवावे की नाही, आणि गोंदवावे तर कोठे, हे आजचे तरुण स्वतःच ठरवितात. कुहीकडे पूर्वी मुलीला कोणी विचारीत नसे. वडीलधाऱ्या बायका ठरवीत. गोंडांत ओझा स्त्रिया गोंदीत, अशी नोंद रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात आहे. मेल्यावर गोंदणच तेवढे बरोबर येते, या श्रद्धेपुढे सुईची वेदना सुसह्य होई. परंतु कपाळावरचे जे गोंदण आमच्याकडे सौभाग्यभूषण, तेच बंगाल्यात कंपनी सरकारने १७९७ पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळी गुन्ह्याची खूण म्हणून उमटविले. ती चाल १८४९ मध्ये बंद झाली. म्हणून जागेचा विचार करण्यापूर्वी, ही खूण कोणाच्या इच्छेने उमटते, हे पाहावे, असे आम्हांस वाटते.