अल्व्हरस्टनच्या चर्चमध्ये

1652चा उन्हाळा. उत्तर इंग्लंडातल्या लँकेशायरमधलं अल्व्हरस्टन. राजाचा शिरच्छेद होऊन तीन वर्षं झाली, तरी देवाच्या नावाने चाललेली भांडणं थांबलेली नाहीत. सेंट मेरी चर्चमधल्या दाटीत तुम्ही अंग चोरून उभे आहात. स्तोत्रं संपतात आणि लांब केसांचा एक तरुण बाकावर चढून बोलायची परवानगी मागतो. व्यासपीठावरचा पाद्री होकार देतो.

हा जॉर्ज फॉक्स, विणकराचा मुलगा. ख्रिस्त काय म्हणाला, प्रेषित काय म्हणाले, हे तुम्हाला तोंडपाठ आहे. पण तुम्हाला स्वतःला काय उमगलंय? ज्या प्रकाशात त्यांनी शास्त्र लिहिलं तो तुमच्याही आत आहे, त्याच्याकडे बघा! एवढंच त्याचं म्हणणं, पण सभा खवळते. सॉरी नावाचे न्यायदंडाधिकारी ओरडतात, याला बाहेर काढा. न्यायाधीश फेल यांची पत्नी मार्गारेट आडवी येते: इतरांसारखं यानेही का बोलू नये? तिच्याकडे नीट बघा. फॉक्सचे शब्द तिच्या इतके वर्मी लागलेत की ती आपल्या जागेवर बसून रडली आहे.

प्रत्येकाच्या आतला आवाज खरा मानला, तर भ्रम कोणता हे ठरवायचं कुणी? विरोधकांचा हा प्रश्न मला कधीच पोकळ वाटला नाही. तुम्हाला तर पुढचं ठाऊक आहे. चार वर्षांनी फॉक्सचा सहकारी जेम्स नेलर घोड्यावरून ब्रिस्टलमध्ये शिरेल, सोबतचे लोक त्याच्यापुढे ख्रिस्ताचा जयघोष करतील, आणि पार्लमेंट ईश्वरनिंदेबद्दल त्याच्या जिभेला तापल्या सळईने भोक पाडायला लावेल, कपाळावर डाग देववेल. त्यानंतर फॉक्सच्या पंथाचे लोक, म्हणजे क्वेकर, एकेकट्याची प्रेरणा सगळ्या मंडळीत पारखून घेण्यावर अधिक भर देतील. 1676मध्ये रॉबर्ट बार्कले हा क्वेकर लॅटिनमध्ये आतल्या प्रकाशाच्या मताचं समर्थन लिहील: आतला प्रकाश म्हणजे माणसाची बुद्धी नव्हे आणि मनाची लहरही नव्हे, ती देवाची देणगी, शास्त्र त्याच उगमातून आलेलं, म्हणून दोघांत विरोध संभवत नाही. युक्तिवाद भक्कम आहे. तरी मला त्याहून मोलाचं वाटतं ते मार्गारेटचं उत्तर.

शपथ घ्यायला नकार दिल्याबद्दल 1664मध्ये तिला लँकेस्टरच्या किल्ल्यात डांबतील. तिच्या कैदेतल्या लेखनातली एक पुस्तिका 1666मध्ये छापली जाईल. प्रकाश देताना देवाने बाई-पुरुष असा भेद केला नाही, मग धर्मसभेत बाईने गप्प का बसायचं, असं ती त्यात बायबलमधल्याच स्त्रियांचे दाखले देऊन विचारेल.