चीतावरची धूळ : लष्करी हेलिकॉप्टरची प्रतिकृती आणि इतिहासाचा पुरावा

१/
धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यात मुरुम हे गाव आहे. 'मुरूम' हा मराठीतला रोजच्या वापराचा शब्दही आहे. दख्खनचा काळा बसाल्ट ऊन, पाऊस आणि हवेच्या माऱ्याने शतकानुशतके फुटत जातो आणि त्यातून जो तांबूस, भुसभुशीत, खडीमिश्रित थर उरतो, तो मुरूम. शालेय भूगोलात या क्रियेला 'विदारण' म्हणतात. तिचे इंग्रजी नाव 'वेदरिंग'. विमाने, रणगाडे आणि हेलिकॉप्टर यांच्या प्रतिकृती घडवणारे कारागीर आपल्या कामाच्या शेवटच्या टप्प्यालाही हेच नाव देतात.

२/
नुकतीच रंगवलेली प्रतिकृती खेळण्यासारखी कोरी दिसते. तिच्यावर धूर, तेल, धूळ आणि उन्हाने विटलेला रंग यांच्या खुणा उमटवल्या की ती वापरातल्या यंत्रासारखी दिसू लागते. हे काम हातांच्या कौशल्याचे वाटते. पण त्याची सुरुवात इतिहासाच्या प्रश्नाने होते. हे यंत्र नेमके कोणत्या दिवशी आणि कोठे होते?

३/
मुरुमच्या परिसराचेच उदाहरण घेता येईल. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाविरुद्धची पोलीस कारवाई सुरू झाली. सोलापूरकडून आत शिरलेल्या भारतीय लष्कराने नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत ताब्यात घेतला आणि चिलखती तुकडी त्याच दुपारी उमरग्यापर्यंत पोचली. हा प्रसंग प्रतिकृतींतून उभा करायचा, तर रणगाड्यांच्या साखळ्यांवर भाद्रपदातील काळ्या मातीचा चिखल हवा, वैशाखातील फुफाटा नव्हे. आणि आकाशात हेलिकॉप्टर मुळीच नको. भारतीय हवाई दलाला पहिली हेलिकॉप्टर मिळाली ती १९५४ मध्ये.

४/
आता हेलिकॉप्टरकडे वळू. भारतीय सैन्याच्या इतिहासात सर्वाधिक कस लागलेल्या हेलिकॉप्टरांपैकी एक म्हणजे 'चीता'. भारतीय सैन्यदलांच्या गरजेतूनच फ्रान्समध्ये 'लामा' हे हेलिकॉप्टर आकाराला आले : सांगाडा 'अलूएत २'चा, इंजिन आणि पंखे 'अलूएत ३'चे. २१ जून १९७२ रोजी लामाने १२,४४२ मीटर उंची गाठून विक्रम केला. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्यानुसार भारतात बनवलेला लामा म्हणजेच चीता.

५/
१३ एप्रिल १९८४ रोजी, बैसाखीच्या दिवशी, 'ऑपरेशन मेघदूत' सुरू झाले. कुमाऊँ रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे कॅप्टन संजय कुलकर्णी यांच्या तुकडीला चीता हेलिकॉप्टरांनी सियाचेनजवळच्या बिलाफोंड ला या खिंडीत, सुमारे १८ हजार फुटांवर, नेले. आधी पिठाचे पोते टाकून बर्फ किती घट्ट आहे हे अजमावले गेले आणि मग अधांतरी स्थिरावलेल्या हेलिकॉप्टरातून सैनिकांनी उड्या घेतल्या.

६/
ही सकाळ प्रतिकृतीत उभी करू पाहणाऱ्याने कुंचला उचलण्याआधी तारखा तपासाव्यात. एका हेलिकॉप्टरच्या आयुष्यात रंगाचे थर अनेकदा बदलतात. म्हणून मूळ रंग त्याच काळातील, तारीख ठाऊक असलेल्या छायाचित्रावरूनच ठरवावा. बोधचिन्हांचेही तसेच. सैन्याचे स्वतंत्र 'आर्मी एव्हिएशन कोअर' १ नोव्हेंबर १९८६ रोजी अस्तित्वात आले. त्याचे चिन्ह १९८४ च्या चीतावर चिकटवले, तर बाकीचे रंगकाम कितीही सुबक असो, प्रतिकृती खोटी ठरते.

७/
मग खुणा कोणत्या? या चीतावर लाल धूळ नको आणि चिखलही नको. खाली फक्त बर्फ आहे. इंजिन मात्र केबिनच्या मागे उघडेच असते. त्याच्या धुराड्यावर उष्णतेने उमटलेली पिवळसर, तपकिरी आणि जांभळट छटा हवी, तीही विरळ तैलरंगाच्या एकावर एक दिलेल्या हलक्या थरांतून. उंचावरचे ऊन प्रखर असते. त्यामुळे वरच्या पृष्ठभागांचा रंग खालच्यापेक्षा किंचित फिका दाखवावा.

८/
नवख्यांची सर्वात मोठी चूक म्हणजे सर्वांगावर तांबेरा चढवणे. केबिनचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियमला लोखंडासारखा लाल गंज चढत नाही. रंग खरवडला गेला तर आतला प्रायमर किंवा चमकता धातू दिसतो. गंजाचा एखादा ठिपका शोभलाच, तर तो जाळीदार शेपटीच्या पोलादी नळ्यांच्या सांध्यांवर.

९/
दुसरी चूक प्रमाणाची. चीताच्या मुख्य पंख्याचा व्यास ११ मीटर. १:७२ प्रमाणात तो जेमतेम १५ सेंटिमीटर होतो. याच हिशेबाने प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटरचा ओरखडा खऱ्या यंत्रावर सात सेंटिमीटरहून मोठी जखम ठरतो. स्पंजच्या तुकड्याने दहा-बारा टवके उडवले, की ते हेलिकॉप्टर वापरलेले नव्हे, भंगारात काढलेले दिसते.

१०/
तेच चीता नाशिकला आणले, तर सारी खुणांची भाषा बदलते. तिथे २००३ पासून लष्करी वैमानिकांना हेलिकॉप्टरचे प्रशिक्षण देणारी संस्था आहे. इथली जमीनही दख्खनच्या बसाल्टची. पंख्याच्या वाऱ्याने उडालेली तिची तांबूस भुकटी खालच्या स्किडांवर, पोटावर आणि शेपटीच्या जाळीत बसते. उडणारे कण पात्यांच्या पुढच्या कडांचा रंग घासून काढतात. मातकट पिगमेंटची पूड कोरड्या कुंचल्याने लावायची ती याच ठिकाणी. सियाचेनच्या प्रतिकृतीत जी चूक ठरली असती, तीच धूळ इथे पुरावा ठरते.

११/
यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. १८ हजार फुटांवर हवा विरळ असते, इंजिनाची ताकद घटते आणि एका बिघाडावर वैमानिकाचे व खाली थांबलेल्या सैनिकांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून जमिनीवरचे तंत्रज्ञ कडाक्याच्या थंडीत ही यंत्रे तपासतात, पुसतात, तेलपाणी करतात. त्यांची नावे इतिहासात क्वचितच येतात. प्रतिकृती अधिक 'युद्धखोर' दिसावी म्हणून तिच्यावर ओघळ आणि काजळी थापणारा कारागीर नकळत त्यांची मेहनतच पुसून टाकतो.

१२/
म्हणून रंग सुकल्यावर प्रतिकृतीच्या तळाशी एक छोटी पट्टी लावावी : यंत्राचे नाव, ठिकाण, तारीख. पट्टीवर 'बिलाफोंड ला, १३ एप्रिल १९८४' असे लिहिले, की वरचा प्रत्येक डाग त्या तारखेपुढे उभा करून तपासता येतो. ज्या डागाचे कारण सांगता येत नाही, तो पुसून टाकावा.