निरोप आणि सही

२८ ऑगस्ट २०११ रोजी सकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर अण्णा हजारे यांनी आपले उपोषण सोडले. दुसऱ्याच दिवशी, तेथून सुमारे पन्नास किलोमीटरांवर, हरियाणातील मानेसर येथे मारुती सुझुकीच्या कारखान्याच्या दारात कामगारांपुढे एक कागद ठेवण्यात आला. शिस्तीने वागण्याच्या त्या हमीपत्रावर जो सही करील त्यासच आत प्रवेश मिळावयाचा होता. बहुसंख्य कामगारांनी सही नाकारली व ते दाराबाहेरच राहिले. एकाच राजधानीच्या छायेत घडलेल्या या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे समाजमाध्यमांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही ध्यानात येतात.

ते वर्षच या नव्या साधनांच्या उदयाचे होते. जानेवारीत कैरोच्या तरुणांनी फेसबुकवरून हाक दिली; सरकारने इंटरनेट तोडले, तरी तहरीर चौकातील गर्दी ओसरली नाही. निरोप एकदा पोहोचला की पुढचे काम माणसेच करतात, हे तेथे दिसले. दिल्लीत तर पाठिंबा व्यक्त करण्यास भ्रमणध्वनीची एक घंटी पुरेशी होती. राळेगणसिद्धीच्या एका ग्रामसेवकाचे नाव त्यायोगे देशभर झाले. परंतु घंटी देणाऱ्यावर कसलेच बंधन नव्हते. लोकपाल कायदा संमत व्हावयास २०१३ चा डिसेंबर उजाडला आणि पहिले लोकपाल नेमले गेले ते २०१९ च्या मार्चमध्ये. तोवर ती गर्दी केव्हाच पांगली होती.

आपल्या इतिहासात याहून जुना एक दाखला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्यापाशी ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक होते. तथापि केवळ लिहून ते थांबले नाहीत. १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार अशा त्यात मागण्या होत्या. रविवारची सुट्टी पदरात पडली ती १८९० च्या जूनमध्ये. ज्याला अक्षरओळख नाही त्याने अंगठा उठवायचा, म्हणजे मालकाच्या डोळ्यांपुढे आपले नाव ठेवायचे. त्या काळी हे धाडसच होते.

मानेसरच्या कामगारांची मागणीही अशीच साधी होती : आपल्या पसंतीची, स्वतंत्र संघटना. ४ जून २०११ रोजी ते कारखान्यातच ठाण मांडून बसले, तेरा दिवस बसून राहिले. पुढे ऑक्टोबरात ते पुन्हा आत बसले, आणि या वेळी कायम कामगार बसले ते कंत्राटी सोबत्यांना परत घ्यावे म्हणून. त्यांच्या खिशांत भ्रमणध्वनी होते आणि त्यांची बातमी संकेतस्थळांवरून दूरदेशीही गेली. परंतु त्याच पट्ट्यात ‘फरीदाबाद मजदूर समाचार’ नावाचे छापील पत्रक पाळी बदलण्याच्या वेळी रस्त्यावर हातोहात वाटले जात होते, हेही विसरून चालणार नाही. ज्या विश्वासावर कंत्राटी आणि कायम एकत्र आले, तो विश्वास एका रांगेत काम करता करता, सात-साडेसात मिनिटांच्या चहाच्या सुट्टीत जन्मला होता.

पुढचा अध्याय दुःखद आहे. १८ जुलै २०१२ च्या हिंसाचारात व्यवस्थापक अवनीश कुमार देव यांचा मृत्यू झाला. १४८ कामगारांवर खटला चालला. २०१७ च्या मार्चमध्ये ३१ दोषी ठरले, त्यांतील तेरा जणांना जन्मठेप झाली आणि ११७ निर्दोष सुटले. त्या निर्दोषांपैकी अनेकांची वर्षे तुरुंगात गेली होती. घटनेची बातमी काही घटकांत देशभर झाली. हा निवाडा यावयास साडेचार वर्षांहून अधिक काळ लागला. तोवर वाचणारे दुसऱ्या बातमीकडे वळले होते. सुटकेसाठी वर्गणी गोळा करीत, न्यायालयाचे उंबरठे झिजवीत राहिले ते घरचे लोक आणि मोजके सोबती.

म्हणून नव्या साधनांना नावे ठेवण्याचे कारण नाही. लोखंड्यांच्या हाती ती असती तर त्यांनी ती खचितच वापरली असती. प्रश्न एवढाच की, निरोप पोहोचल्यावर त्याखाली आपले नाव घालण्यास किती जण उरतात? १८८४ मध्ये परळच्या कामगाराने सही केली आणि २०११ मध्ये मानेसरच्या कामगाराने ती नाकारली. दोघांनीही त्या सहीची किंमत पुरती ओळखली होती.