अपील-न्यायव्यवस्था, विदर्भातील

कनिष्ठ न्यायालयाच्या निर्णयाची वरिष्ठ न्यायालयाकडून होणारी फेरतपासणी म्हणजे अपील. विदर्भातील अपिले प्रथम नागपूरच्या न्यायिक आयुक्तांकडे जात. १९३६ मध्ये तेथे स्वतंत्र उच्च न्यायालय स्थापन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते संपुष्टात येऊन मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश नागपुरास बसू लागले. १९६० च्या मुंबई पुनर्रचना अधिनियमाने किमान तीन न्यायाधीशांच्या या खंडपीठास वैधानिक आधार दिला. त्यामुळे वैनगंगाकाठच्या कारधा (जि. भंडारा) येथील पक्षकारास मुंबई गाठावी लागत नाही, नागपूर सु. ६० किमी. वर आहे.

दिवाणी दाव्याच्या पहिल्या अपिलात पुरावा व कायदा या दोहोंची छाननी होते. दुसरे अपील १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या महत्त्वपूर्ण प्रश्नापुरतेच उरले. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी मात्र, आरोपीने अपील केले नाही तरी, उच्च न्यायालयाच्या पुष्टीवाचून अंमलात येत नाही. खैरलांजी (जि. भंडारा) हत्याकांडात भंडारा न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली, २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने दोषसिद्धी कायम ठेवून ती २५ वर्षांच्या कारावासात बदलली. दोषनिर्णय व शिक्षेचे प्रमाण यांचा विचार अपिलात स्वतंत्रपणे होतो, हे यावरून दिसते.