पाळीमागचा माळ

पाहुणा तलाव बघायला आला की पाळीवर उभा राहतो, फोटो काढतो, परततो. मी त्याला पाणी जिथून येतं त्या वरच्या मुरमाड माळावर नेतो. पळसाची खुंटं, बोरी, तेंदूची झुडपं. कुरखेडा तालुक्यात माझी तलाठ्याची नोकरी झाली, म्हणून मला आधी सातबारा दिसतो: खाली तलाव, वर झुडपी जंगल.

तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, हा चांद्याच्या गोंड राजांचा रिवाज. बांधण्यात कोहळी समाज तरबेज. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांवर तलाव आहेत. आमच्याकडे गेवर्धा, सोनसरी या जमीनदाऱ्या होत्या. वरचा माळ तलाव बांधणाऱ्यांनी आळसानं पडीक ठेवला नसावा. तो नांगरला असता तर सगळी माती तलावातच आली असती.

मृगाचं पहिलं पाणी माळावरून तांबडं उतरतं आणि मासे नाल्यानं उलटे चढतात. ढिवरांची रात्र तिथंच जाते. मग रोवणी. पाण्याच्या कडेला देवधान आपोआप उगवतं. धान कापला की बांधीतल्या ओलीवर लाखोळी. थंडीत परदेशी बदकं येतात, पण अडई बारमाही आपलीच. उन्हात तलाव आक्रसला की लोक माळावर: मोहफूल, मागून तेंदूपत्ता. टिटवी उघड्या मुरमावर अंडी घालते. जपून चालावं लागतं.

1951 साली जमीनदारी-मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. ज्या पाण्यावर गावाचा हक्क होता त्यावर पाणीपट्टी बसली, भांडणं कोर्टात गेली. गाळ कुणी काढायचा, हे मात्र कुणीच ठरवलं नाही. झुडपीची गत वेगळी. महसुली नोंदीत ती चराईची पडीक, म्हणून शाळा, घरं, स्मशानं तिथंच झाली. 1980 च्या वन कायद्यानंतर फायली अडकल्या. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं झुडपीला वनच ठरवलं. 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वाटपांना तेवढी सवड दिली. मला निकाल पटला. पण त्या माळावरून उतरणाऱ्या पाण्याचं काय, ते आमच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तलाव एका खात्याचा, माळ दुसऱ्याचा, मासेमारीचा ठेका तिसऱ्याकडून. शेजारच्या अर्जुनी मोरगावकडं ढिवर मंडळींनी तलावातली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, त्यांनी कुठल्या खात्याची वाट पाहिली नाही.